जन्मसालाचे घड्याळ

आमच्या जन्मसालाचे, १९८८ चे, घड्याळ घ्यावे म्हणून आम्ही मुंबईच्या चोर बाजारात गेलो. हवे होते चावीचे एचएमटी 'जनता'. जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ साली बंगलोरला एचएमटीचा घड्याळ कारखाना निघाला आणि सामान्यांच्या मनगटावर देशी घड्याळ आले. पुढे क्वार्ट्झने चावी मागे टाकली. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली.

दुकानदार चाचा प्रामाणिक निघाले. म्हणाले, "सर, मशीन एका घड्याळाचे, केस दुसऱ्याची, डायल नव्याने रंगवलेली. साल अल्लाच जाणे!"

आम्ही चपापलो. आमच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९८८ आहे. जन्मनोंदणीचा कायदा १९६९ चा. तरी घरोघरी नोंद नसे आणि हेडमास्तर अंदाजाने १ जून लिहीत. अम्मीला आठवते ते एवढेच : रमजान होता, आंबे उतरले होते. हिजरी साल सुमारे ११ दिवसांनी लहान; तेव्हा १९८७, ८८, ८९ तिन्ही जुळतात. मात्र १९८८ चा रमजान मेच्या मध्यावरच संपला होता. म्हणजे १ जून खचित खोटा.

घड्याळ आम्ही घेतलेच. आज प्रवेशाचे रजिस्टर आमच्या हाती आहे. जन्मदाखला पाहिल्यावाचून त्यात तारीख लिहायला आमची लेखणी धजत नाही.