जो लुईचे उतारवय

मुष्टियुद्धातील जगज्जेत्याची थोरवी त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवरून मोजावी, असे म्हणतात. या मापाने आपण अमेरिकेच्या जो लुईला तोलून पाहू. १९३७ साली मिळविलेले अजिंक्यपद त्याने १९४९ मध्ये निवृत्त होईपर्यंत पंचवीस वेळा राखले. १९४१ च्या सुमारास ‘हा दरमहा एक दुबळा गडी गाठतो’ अशी त्याची टिंगल होई. पण त्याच मालिकेतील बिली कॉन बारा फेऱ्यांअखेर गुणांत पुढे होता. तेराव्या फेरीत लुईने त्याला लोळविले.

खरा वाद उतारवयाचा आहे. १९४२ साली दोन लढतींची कमाई त्याने आरमार व लष्कराच्या मदतनिधींस दिली होती. तरीही पुढे करांच्या थकबाकीने त्याला १९५० मध्ये पुन्हा रिंगणात ओढले. पुनरागमनाच्या पहिल्याच लढतीत त्याने सोपा गडी न शोधता थेट जगज्जेत्या एझर्ड चार्ल्सशी सामना केला आणि तो गुणांवर हरला. १९५१ मध्ये, सदतीस वर्षांचा असताना, रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत आडवे केले.

आम्हांला वाटते, ऐन उमेदीतील लढती त्याच्या नावे जमेस धराव्यात. देणे फेडण्यासाठी लढलेल्या लढती त्याच्या कीर्तीच्या खर्ची टाकू नयेत.