एक दोष, तीन पत्रके



इतिहास म्हटला की राज्ये, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु ज्या साधनांवर आपला नित्याचा व्यवहार चालतो त्यांनाही इतिहास असतो. त्यातही फाटाफूट असते, एकीकरण असते, आणि त्या एकीकरणाचे मोल कोणाला तरी द्यावे लागते. अशाच एका एकीकरणाची हकीकत आज सांगावयाची आहे.

दूरच्या वाचकाने मागितलेले पान त्याच्याकडे पाठवून देणाऱ्या प्रोग्रॅमला वेब सर्व्हर म्हणतात. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात असा एक सर्व्हर तयार झाला होता. त्याचा कर्ता रॉब मॅक्कूल १९९४ मध्ये केंद्र सोडून गेला आणि काम खुंटले. तेव्हा तो वापरणाऱ्यांनीच आपापल्या दुरुस्त्यांची ठिगळे एकत्र आणली, आणि त्यातून १९९५ मध्ये 'अपाची' हा सर्व्हर जन्मास आला.

त्याच सुमारास, १९९३ मध्ये, इयन मर्डॉक याने 'डेबियन' ही संगणकप्रणाली आरंभिली होती. तिचा मूळ मजकूर सर्वांना खुला असतो आणि ती स्वयंसेवक चालवितात. तीत प्रत्येक प्रोग्रॅमचे एक गाठोडे, म्हणजे पॅकेज, बांधलेले असते, आणि त्याची देखभाल कोणी तरी अंगावर घेतलेली असते.

या डेबियनमध्ये अपाचीची मात्र तीन पॅकेजे झाली. एक साधे. दुसरे, गुप्तलेखनाने मजकूर सुरक्षित पाठविणारे 'अपाची-एसएसएल'. तिसरे, पर्ल ही भाषा पोटात घेतलेले 'अपाची-पर्ल'. ही विभागणी निष्कारण नव्हती. अपाचीच्या १.३ या आवृत्तीत गुप्तलेखनाची सोय करावयाची, तर सर्व्हरच्या मूळ मजकुरालाच हात घालावा लागे. शिवाय प्रबळ गुप्तलेखनाच्या निर्यातीवर अमेरिकेत कडक निर्बंध होते. म्हणून डेबियनने तसली पॅकेजे अमेरिकेबाहेरील वेगळ्या भांडारात ठेविली होती. हे निर्बंध २००० मध्ये सैल झाले.

विभागणीचे खरे मोल जून २००२ मध्ये कळून आले. तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या मजकुराचा आकार मोजताना अपाचीची गफलत होते, आणि त्याचा लाभ घेऊन परका मनुष्य सर्व्हरला इजा करू शकतो, असे आढळले. दोष एकच, परंतु तो तिन्ही पॅकेजांत होता. डेबियनला सुरक्षेची तीन पत्रके काढावी लागली: क्रमांक १३१ अपाचीसाठी, १३२ अपाची-एसएसएलसाठी, १३३ अपाची-पर्लसाठी. एकाच घराच्या तीन दारांना एकच मोडकी कडी असावी आणि सुताराला तीनदा बोलवावे लागावे, तसा हा प्रकार झाला. त्यातून हे सुतार बहुधा बिनवेतनी! जे दार शेवटी दुरुस्त होई, ते तोवर उघडेच राही.

यावर उपाय टप्प्याटप्प्याने झाला. २००५ च्या 'सार्ज' या आवृत्तीत तिन्ही पॅकेजे एकाच मूळ मजकुरातून बांधली गेली. परंतु तोवर अपाचीची दुसरी पिढी आली होती. जुनी व नवी शेजारी शेजारी नांदत होती, आणि एकीचे मॉड्यूल, म्हणजे जोडभाग, दुसरीत चालत नसल्यामुळे पीएचपीसारखे मॉड्यूल दोनदा बांधावे लागे. २००९ च्या 'लेनी' आवृत्तीत जुन्या पिढीला निरोप देण्यात आला. पुढे २०१५ च्या 'जेसी'मध्ये, एकाच वेळी अनेक मागण्या हाताळण्याच्या निरनिराळ्या रीती, ज्यांसाठी पूर्वी स्वतंत्र पॅकेजे होती, त्यादेखील साधी मॉड्यूले बनल्या.

हा बदल फुकट झाला नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना आपल्या जुन्या मांडण्या पुन्हा लिहाव्या लागल्या. ज्या मॉड्यूलांना नव्या पिढीसाठी कोणी घडविले नाही, ती मागे पडली. तथापि विविधता नष्ट झाली नाही. गुप्तलेखनाचे मॉड्यूल मुख्य सर्व्हरसोबतच येऊ लागले, पर्लचे वेगळ्या पॅकेजात राहिले, आणि उपलब्ध मॉड्यूलांपैकी कोणते चालू ठेवावयाचे हे ज्याचे त्याने एका आज्ञेने ठरवावे, अशी सोय झाली.

जेथे सर्वांचा पाया एक आहे, तेथे त्याची डागडुजी एकदाच व्हावी. आणि जेथे गरजा भिन्न आहेत, तेथे निवड मोकळी असावी. तीन पत्रकांपासून एका पॅकेजापर्यंतच्या या प्रवासात त्या स्वयंसेवकांनी साधले ते एवढेच. पण ते साधण्यास त्यांना अनेक वर्षे लागली.