पोथीचा फोटो काढला, तरी लिप्यंतर कशासाठी?

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे प्रमुख तीर्थस्थान. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू इथे राहत. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ रचले, तेही याच गावाशी जोडलेले आहे. 2024 मध्ये मराठी भाषा विद्यापीठ इथेच सुरू झाले. त्यामुळे जुन्या पोथ्या डिजिटल रूपात कशा मांडाव्यात, हा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो.

लिप्यंतर म्हणजे काय?

स्कॅन म्हणजे पानाचे चित्र. त्यात शब्द शोधता येत नाही. ओळ वाचून ती आहे तशी युनिकोडमध्ये टाइप करणे म्हणजे लिप्यंतर. हा अनुवाद नव्हे. भाषा जुनीच राहते.

अडचणी कोणत्या?

• सांकेतिक लिपी : अनेक महानुभाव पोथ्या अक्षरांची अदलाबदल करणाऱ्या ‘सकळ’ लिपीत आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी तिची किल्ली उलगडली.

• सलग लेखन : जुन्या पोथ्यांत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ‘दिवाकर’ म्हणजे सूर्य, की ‘दिवा कर’? हे वाचणाऱ्याला ठरवावे लागते.

• पाठभेद : पंथाच्या परंपरेनुसार ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत धामधुमीत हरवली आणि ग्रंथ आठवणीतून पुन्हा लिहिला गेला. त्यामुळे त्याचे अनेक पाठ आहेत.

चांगली मांडणी कशी असते?

1. पानाचा फोटो आणि मजकूर शेजारी-शेजारी, ओळीला ओळ जुळवून.
2. मजकुराचे दोन थर : एक पोथीबरहुकूम, दुसरा शब्द तोडून वाचनीय केलेला.
3. फाटलेला, पुसट किंवा शंकास्पद भाग खुणेने वेगळा दाखवलेला.
4. पाठभेद न लपवता, कोणत्या पोथीत काय आहे ते सांगितलेले.

अशा खुणा जगभर सारख्या असाव्यात म्हणून 1987 पासून ‘टीईआय’ ही पद्धत विकसित होत आली आहे.

काय पणाला लागले आहे?

‘लीळाचरित्र’ हे मराठीतील अगदी सुरुवातीचे गद्य. त्यातले जुने शब्दरूप कोणी गुपचूप ‘शुद्ध’ केले, तर त्या काळच्या भाषेचा पुरावाच पुसला जातो. हस्ताक्षर वाचणारी संगणक प्रणालीही अशाच लिप्यंतरांवरून शिकते. म्हणजे चूक पुढे पसरत राहते.

म्हणून ‘जुन्या पोथीतली ओळ’ मोबाइलवर आली, तर आधी पाहावे : पोथी कोणती, पान कोणते आणि त्या पानाचा फोटो सोबत आहे का?