अमझेरा : रणभूमी, शेत आणि ताट

मंडळाच्या मागच्या बैठकीत "बाहेरून येणाऱ्या मंडळींना अमझेऱ्याला काय दाखवायचं?" असा विषय निघाला आणि दोन तास झाले तरी संपला नाही. मी त्या दिवशी जे तुटक तुटक बोललो, ते इथे जरा नीट मांडतो. माझं म्हणणं सगळ्यांना पटेलच असं नाही. पण अमझेऱ्याला माणसं नेण्याचा उद्योग आपण मनावर घेणार असू, तर आधी या गोष्टीचा विचार व्हायला हवा.

निमित्त गेल्या हिवाळ्यातलं. पुण्याहून बावीस जणांचा एक गट आला होता. सकाळी मांडू, दुपारी "मराठ्यांच्या विजयभूमीवर शेतातलं जेवण" आणि संध्याकाळी धारचा किल्ला, असा कार्यक्रम त्यांनी तिकडूनच आखून आणलेला. जेवणात पिठलं-भाकरी आणि ठेचा हवा, हेही लिहून पाठवलेलं. मी म्हटलं, पिठलं तुम्ही पुण्यात रोज खाऊ शकता, इथलं काही खा की! शेवटी अमझेऱ्याजवळच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या अंगणात दाल-पानिये करायचं ठरलं.

मक्याचं पीठ मळायचं, गोळा पळसाच्या पानांत दाबायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा, हे पानिये. पानाच्या शिरा भाकरीवर उमटतात आणि धुराचा वास आतपर्यंत जातो. धारच्या पश्चिमेकडून झाबुआ-अलीराजपूरपर्यंत भिलांच्या घरात हे रोजच्या ओळखीचं. इंदूरकडचे लोक बाफल्याचं कौतुक करतात. पण पठार उतरून डोंगराला लागलात की राज्य पानियाचं.

जेवता जेवता घरातल्या वडीलधाऱ्या दादांनी सहज विचारलं, "तुमचे लोक इथे आले होते, ते कशासाठी?" गटातले एक गृहस्थ उत्साहाने म्हणाले, "मुघलांना हरवायला!" दादा जरा थांबले. "म्हणजे त्यांच्यानंतर वसुली तुमची." एवढं बोलून हसले आणि त्या गृहस्थांच्या वाटीत आणखी डाळ वाढली. अंगणात थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मी धारचा मराठी माणूस; लहानपणापासून ही लढाई अभिमानाने सांगत आलो. पण हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता, आणि मी स्वतःलाही विचारला नव्हता.

लढाई काय होती

आधी आपल्याला जे ठाऊक आहे ते पुन्हा एकदा. दिनांक २९ नोव्हेंबर १७२८. थोरले बाजीराव त्या वेळी वऱ्हाड-देवगडच्या बाजूने पूर्वेकडून वर सरकत होते. त्यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा दुसरी फौज घेऊन थेट माळव्याकडे निघाले. वय जेमतेम एकवीस. बरोबर उदाजी पवार, मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नर्मदा ओलांडून ते मांडूच्या बाजूने घाट चढले. माळव्याचा सुभेदार गिरधर बहादूर अमझेऱ्याच्या बाजूला वाट अडवून बसला होता. मराठे दुसऱ्याच वाटेने वर आल्यामुळे त्याची तयारी फुकट गेली. लढाईत गिरधर बहादूर आणि त्याचा चुलतभाऊ दया बहादूर, दोघेही मारले गेले. तिथून चिमाजी अप्पा उज्जैनकडे वळले.

आता त्या गृहस्थांच्या उत्तराकडे येऊ. "मुघलांना हरवायला" हे चूक नाही, सुभेदारी बादशहाचीच होती. पण गिरधर बहादूर होता प्रयागकडचा नागर ब्राह्मण. तेव्हा अमझेऱ्याला दोन्ही बाजूंचे सेनापती ब्राह्मणच होते, एक कोकणस्थ आणि एक नागर. भांडण होतं ते माळव्याचा महसूल कोणी गोळा करायचा याचं. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, त्यावर सरदेशमुखीचे दहा टक्के. हे पैसे दिल्लीच्या किंवा पुण्याच्या खजिन्यात जन्मत नव्हते. ते इथल्या काळ्या मातीतून यायचे. दादांनी एका वाक्यात जे सांगितलं ते हेच.

तिरला गावाबद्दल एक खुलासा इथेच करतो, कारण धारहून अमझेऱ्याकडे जाताना तिरला लागतं आणि गाइड मंडळी तिथे गाडी थांबवून वेगळीच गोष्ट सांगतात. माल्कमसारख्या जुन्या इंग्रज लेखकांनी दया बहादूर तिरल्याला पडला असं लिहिलं, तेही काही वर्षांनंतरच्या लढाईत. पुढे गो. स. सरदेसायांनी १९३० च्या दशकात पेशवे दप्तरातले वेचे छापले, सीतामऊच्या डॉ. रघुबीर सिंहांनी माळव्याचा हा काळ तपासला, आणि दोघे भाऊ एकाच दिवशी अमझेऱ्याच्या लढाईत पडले हे पक्कं झालं. तिरल्याला चहा जरूर प्या. पण गोष्ट सांगायची तर लोकांना गोंधळ कसा झाला आणि कागदांनी तो कसा सोडवला, तेही सांगा. मला तर लढाईपेक्षा हा भाग जास्त रंजक वाटतो.

मुलूखगिरीचा हंगाम

लढाईची तारीख पुन्हा बघा : नोव्हेंबरअखेर. फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून का निघत? पावसाळ्यात नर्मदा ओलांडता येत नाही, काळ्या मातीत घोडा गुडघ्यापर्यंत रुततो आणि बैलांचे तांडे हलत नाहीत. दसऱ्यानंतर नद्यांना उतार मिळतो, वाटा सुकतात. आणि मुख्य म्हणजे खरिपाचं पीक खळ्यावर आलेलं असतं. माणसाला धान्य, जनावराला कडबा. हजारो घोड्यांची फौज चालते ती वाटेवरच्या गावांच्या खळ्यांवर.

आता आपल्या सहलींचा हंगाम कोणता? दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. कारणंही तीच. हवा चांगली, रस्ते कोरडे, शेतात गहू-हरभरा हिरवा. मुलूखगिरीचा हंगाम आणि पर्यटनाचा हंगाम एकच आहे. "शेतातून थेट ताटात" हे आज आपण नवीन म्हणून सांगतो. या मुलखाने ते फार पूर्वी, फार वेगळ्या तऱ्हेने अनुभवलं आहे. तेव्हाच्या पाहुण्यांनी किंमत दिली नव्हती. मग आपण देतोय का, हा प्रश्न उरतो.

अमझेऱ्याचं दुसरं पान

गटाच्या पत्रिकेत अमझेऱ्याचे राणा बख्तावरसिंह नव्हतेच. अमझेरा हे राठोडांचं छोटं राज्य, शिंद्यांना खंडणी भरणारं. १८५७ च्या जुलैमध्ये बख्तावरसिंहांच्या माणसांनी सरदारपूरजवळच्या भोपावर इथल्या इंग्रज एजन्सीवर हल्ला केला. १० फेब्रुवारी १८५८ रोजी राणांना इंदूरला फाशी दिलं. राज्य खालसा झालं आणि इंग्रजांनी ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांना दिलं. पुढे मध्य भारत होईपर्यंत अमझेरा ग्वाल्हेर संस्थानातच राहिलं.

आपल्या धारचं संस्थानही त्या धामधुमीत जप्त झालं होतं, पण १८६० साली ते पवारांना परत मिळालं. अमझेरा राठोडांना परत मिळालं नाही. १७२८ साली ज्या गावाजवळ राणोजी शिंदे लढले, ते गाव एकशे तीस वर्षांनी इंग्रजांच्या हातून त्यांच्या वंशजांच्या पदरात पडलं. हे सांगायला आपल्याला, म्हणजे धार-देवासच्या मराठी लोकांना, जरा अवघड जातं. पण अमझेऱ्यात राणांचं नाव आदराने घेतलं जातं. ज्याच्या अंगणात आपण जेवायला बसतो, त्याच्या आठवणीतला माणूस आपल्या पत्रिकेत नसावा, हे बरं नाही.

तिसरी जागा आमका-झमका देवीची. रुक्मिणीचं हरण इथूनच झालं, अशी अमझेऱ्याची श्रद्धा. महाराष्ट्रातून आलेले लोक लगेच म्हणतात, "छे, रुक्मिणी आमच्या कौंडिण्यपूरची!" तिकडे वर्धा नदीच्या काठावर विदर्भातलं तिचं माहेर आहेच, आणि आषाढीला तिची पालखी पंढरपूरला जाते. यावर वाद घालत बसू नये. श्रद्धा म्हणून सांगावी, इतिहास म्हणून नाही. एका लेकीवर दोन गावांनी माहेरचा हक्क सांगितला तर त्यात वाईट काय आहे?

ताटात काय वाढायचं

या बाबतीत धार जिल्ह्याइतका भक्कम आधार फार कमी ठिकाणांना असेल. मांडूच्या गियासशाह सुलतानाच्या दरबारात पंधराव्या शतकाच्या अखेरीस "निमतनामा" हा सचित्र पाकग्रंथ सुरू झाला आणि त्याच्या मुलाच्या काळात पुरा झाला. हस्तलिखित आज लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात सामोशाच्या कृती आहेत, आणि चित्रांत खुद्द सुलतान स्वयंपाकावर देखरेख करताना दिसतो. मांडूला रस्त्याकडेला "मांडू की इमली" विकत मिळते, ती म्हणजे आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच. तिचे पिंपासारखे बुंधे पाहून पुण्या-मुंबईचे लोक थक्क होतात.

मात्र "हे आमचं हजार वर्षांचं पारंपरिक ताट" असं कोणी म्हणू नये. मका मुळात अमेरिका खंडातला; निमतनामा लिहिला जात होता तेव्हा तो इथे नव्हता. सोयाबीन माळव्यात पसरलं ते १९७० च्या दशकानंतर, आणि त्याने ज्वारीची किती शेतं खाल्ली ते आपल्या घरच्या शेतीवरूनच सगळ्यांना माहीत आहे. एकोणिसाव्या शतकात तर माळव्याची ओळख होती अफूची. इथली अफू मुंबईमार्गे चीनला जायची. शेत बदलत आलं तसं ताटही बदलत आलं. पानिये वाढताना एवढं सांगितलं तर त्याची चव काही कमी होत नाही. उलट लोक प्रश्न विचारायला लागतात.

हंगाम पाळला तर बाकी फार काही करावं लागत नाही. थंडीत शेकोटीवर हरभऱ्याचे घाटे, होळीच्या सुमारास भाजलेल्या गव्हाच्या ओंब्या. महाराष्ट्रात हुरड्याभोवती केवढा व्यवहार उभा राहिला ते आपण पाहतोच. बारामतीच्या बाजूला २००५ च्या सुमारास कृषी पर्यटनाचा प्रयोग सुरू झाला आणि २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यासाठी धोरण मंजूर केलं. आपल्याकडेही मध्य प्रदेश पर्यटन मंडळाने गावातल्या होमस्टेंना हात दिला आहे. ओरछाजवळचं लाडपुरा खास पाहून या. अमझेरा त्या नकाशावर यायला हरकत नाही. मांडू जवळ, बाघची लेणी आणि बाघ छपाई त्याच जिल्ह्यात. कमी आहे ती आपल्या आखणीत.

मग करायचं काय

माझ्या चार सूचना आहेत. बैठकीत त्यावर मतं यावीत.

एक, गट पंधराच्या वर नेऊ नये. एका घरच्या चुलीला झेपेल आणि एका ओसरीवर बसेल, तेवढाच.

दोन, जेवणाचे पैसे थेट त्या घराच्या हातात द्यावेत, आणि तेही आधी ठरवून. गेल्या वेळी बाहेरच्या आयोजकाने माणशी जी रक्कम घेतली आणि त्या घराला जी दिली, त्यातला फरक मला नंतर कळला. मी मध्ये होतो, म्हणून लाज माझी. दादा काही बोलले नाहीत, पण बिल पाहून मला चौथाईची आठवण झाली. फक्त इथे चौथा हिस्सा त्या घराच्या वाट्याला आला होता.

तीन, अमझेऱ्यात तीन थांबे घ्यावेत : लढाईचा परिसर, राणांचा किल्ला आणि आमका-झमका. एक जरी गाळला तरी गोष्ट लंगडी होते.

चार, जेवायच्या आधी घरच्या माणसाने बोलावं, आपण नंतर. आणि भगोरियाच्या हाटात पाहुणे न्यायचे झाले तर मुलीबाळींचे फोटो न विचारता काढायचे नाहीत, हे गाडीतच बजावून सांगावं.

चिमाजी अप्पांच्या विजयाचा अभिमान मी सोडलेला नाही, आणि कोणी सोडावा असंही म्हणत नाही. ती लढाई झाली नसती तर मी आज धारला मराठीत हे लिहीत नसतो. पण आपण इथे आता पाहुणे नाही, तीनशे वर्षांचे शेजारी आहोत, आणि शेजाऱ्याने गोष्ट सांगताना समोरच्याचीही बाजू सांगायची असते.

येत्या २९ नोव्हेंबरला मंडळाचा छोटा गट अमझेऱ्याला न्यावा असा माझा प्रस्ताव आहे. दादांशी बोलून ठेवलंय. ते म्हणाले, या. पण या वेळी पीठ मळायला पाहुण्यांनीही बसायचं. मी हो म्हणून आलो आहे.