नागपुरातील घरविक्रीचे जुने कागद व त्यांतील चतुःसीमा

सनदा, बखरी व राजकारणी पत्रे ह्यांस संग्राहकांत जो मान आहे, तो घरांच्या खरेदीखतांस नाही. नागपुरापुरता तरी हा पंक्तिभेद सोडावा, असे आम्हांस वाटते.

खरेदीखतात मोलाचा भाग चतुःसीमेचा. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस अमक्याची विहीर, उत्तरेस सरकारी रस्ता. एवढ्याने त्या दिवशीचे शेजारी व वाटा नोंदल्या जातात. लगतच्या घराचे खत मिळाले तर आणखी शेजारी कळतात. अशी दहावीस खते जुळविली म्हणजे महालातील किंवा इतवारीतील एखादी आळी घरोघर लावता येते.

हे शेजारी केवळ खुणेसाठी येत नाहीत. भूमी सहा गोष्टींनी दुसऱ्याकडे जाते, असे एक वचन मिताक्षरेत विज्ञानेश्वराने घेतले आहे. ग्राम, ज्ञाती, सामंत व दायाद ह्यांची अनुमती, आणि सुवर्ण व उदक ह्यांचे दान, ह्या त्या सहा. सामंत म्हणजे येथे मांडलिक राजा नव्हे, लगतचा शेजारी. त्याची अनुमती सीमेचा तंटा उद्भवू नये म्हणून, आणि ग्रामाची व्यवहार उघड व्हावा म्हणून, असा विज्ञानेश्वराचा खुलासा आहे. स्थावराच्या विक्रीचा निषेध असल्यामुळे तीस दानाचे रूप द्यावे, असेही तो म्हणतो. मोडी खतांखालील साक्षी व निरक्षराची नांगराची निशाणी ही ह्याच समजुतीची व्यवहारातील बाजू होय, असे आमचे मत आहे.

वाचताना नावांविषयी सावध असावे. जुम्मा तलाव म्हणजेच शुक्रवारी तलाव, आजचा गांधीसागर. जुम्मा दरवाजा तो आजचे गांधी द्वार. 'सरकार' हा शब्द त्याहून फसवा. १८५३त तिसरे रघूजी भोसले वारले व १८५४त राज्य खालसा झाले; तेव्हा सीमेतील सरकार भोसल्यांचे की कंपनीचे, हे मितीवरूनच ठरते. पुढच्या कागदांत 'नझूल' येतो, म्हणजे नगरातील सरकारी जमीन. अशा जागेवरील घर घेणारास घर मिळते, जमिनीचा मात्र पट्टाच.

१८८२च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याने शंभर रुपये व त्यावरील स्थावराच्या विक्रीस नोंदलेला दस्त आवश्यक झाला. मध्यप्रांतास तो आरंभापासून लागू होता, मुंबई इलाख्यास १८९३ पासून. नोंदलेल्या दस्ताची नक्कल कचेरीत राहते. त्यापूर्वीच्या खाजगी खतांस घरातील पेटीवाचून आश्रय नाही. चतुःसीमा आजच्या दस्तातही असते, परंतु सदनिकेच्या पूर्वेस दुसऱ्या सदनिकेचा क्रमांक व पश्चिमेस जिना, ह्यावरून पुढचा संशोधक काय काढणार!

ह्याच कायद्याच्या ५५व्या कलमाने, पूर्ण किंमत मिळताच विकणाऱ्याने आपल्याजवळील मालकीचे सर्व कागद घेणाराच्या स्वाधीन करावयाचे असतात. सबब वाडा पाडून इमारत उठविणाराकडे मोडी खतेही जातात, आणि त्यास ती वाचता येतातच असे नाही. वाडा विकू पाहणाऱ्या कुटुंबाशी ज्यांचा परिचय असेल त्यांनी व्यवहार पुरा होण्यापूर्वीच कागदांच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, कारण पाठीवरील शेरे बहुधा सुटतात. प्रत्येक छायाचित्राबरोबर घराचा आजचा नगरभूमापन क्रमांकही लिहून ठेवावा. वाडा पडल्यावर तो कोणता हे सांगणारा मिळत नाही.