खान्देशात ‘बाहेरचा’ कोण?

जानेवारी २०२५मध्ये मालेगावात उशिरा नोंदवलेल्या जन्म दाखल्यांच्या चौकशीसाठी राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं. बांगलादेशी आणि रोहिंग्यांनी असे दाखले मिळवले, असा आरोप होता. मालेगाव नाशिक जिल्ह्यात असलं तरी सोयरिक आणि सुताच्या धंद्याने ते धुळे-जळगावला जोडलेलं आहे. साहजिकच ही चर्चा खान्देशातल्या घराघरांत पोहोचली.

या प्रश्नावर मुसलमानांत एकमत आहे, असा बाहेर समज असतो. तो चुकीचा आहे. अनेकांचं म्हणणं, बेकायदा आलेल्यांना खुशाल परत पाठवा, त्यांच्यापायी आमच्याकडे संशयाने पाहिलं जातं. दुसरे म्हणतात, पोटासाठी आलेल्या मजुराला गुन्हेगार का ठरवायचं? हिंदू मित्रांतही कुणी कायद्याची बाजू घेतो, कुणी माणुसकीची. आलेला हिंदू असेल तर निर्वासित आणि मुसलमान असेल तर घुसखोर, असं मानणारेही आहेत. पण यापैकी कोणतंही मत घेतलं तरी बाहेरचा माणूस ओळखायचा कसा, हे आधी ठरवावं लागतं. आडनाव, दाढी आणि घरात बोलली जाणारी उर्दू यांवरून तो ओळखता येतो, असं मानणाऱ्यांनी खान्देशचा इतिहास पाहावा.

१३८२मध्ये मलिक राजाने तापीकाठच्या थाळनेरला फारुकी सत्तेचा पाया घातला. हे गाव आज धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात आहे. फारुकी सुलतानांच्या ‘खान’ या किताबावरूनच खान्देश हे नाव पडलं, असं एक मत आहे. १६०१मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि ही सत्ता संपली. पण दोन शतकांच्या या काळात सैनिक, विणकर, सूफी आणि व्यापारी इथे येऊन स्थिरावले.

पुढे पेशवाईच्या अखेरीस लूटमार आणि दुष्काळाने खान्देश उजाड झाला. १८१८मध्ये इंग्रज आले तेव्हा कितीतरी गावं ओस पडून त्यांत रान माजलं होतं. कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे मुख्य ठाणं केलं. कचेऱ्या बांधायला बाहेरून कारागीर आणले, बाहेरच्या व्यापाऱ्यांना घरं बांधायला उचल दिली. म्हणजे आजचं धुळे शहर सरकारनेच बाहेरची माणसं बोलावून वसवलं.

१८५७च्या बंडानंतर उत्तरेतल्या विणकरांवर मोठी आपत्ती कोसळली. दडपशाही, दुष्काळ आणि विलायती कापडाची स्पर्धा यांमुळे मऊ, आझमगड, बनारस, अलाहाबाद या भागांतले मोमीन अन्सारी दक्षिणेकडे निघाले. मालेगाव, भिवंडी, बुऱ्हाणपूर आणि धुळ्यात त्यांनी हातमाग मांडले. पुढे हातमागाचे यंत्रमाग झाले. त्यांच्या उर्दूत आजही पूरबी वळण ऐकू येतं. नेमकं तेच वळण आज नवख्या कानाला संशयास्पद वाटतं.

आता सातपुड्याच्या पायथ्याशी जाऊ. यावल, रावेर, चोपडा भागात तडवी भिल्ल राहतात. ते आदिवासी आहेत, अनुसूचित जमातीत मोडतात आणि धर्माने मुसलमान आहेत. खान्देशच्या मूळ रहिवाशांत त्यांची गणना होते. दुसरीकडे, लेवा पाटीदार समाज आपले पूर्वज गुजरातेतून आल्याचं सांगतो. जळगावची सिंधी कॉलनी फाळणीने उखडलेल्यांची आहे. हे तिघेही आज तितकेच खान्देशी आहेत. धर्मावरून मूळचा आणि उपरा ठरवायचा, तर हा हिशेब जुळणार नाही.

‘त्या काळी सरहद्द नव्हती, आज आहे,’ असा युक्तिवाद यावर होईल. तो रास्त आहे. पूर्व पाकिस्तानात ये-जा करायला पासपोर्ट लागू झाला तोच ऑक्टोबर १९५२मध्ये. त्यानंतर विनापरवाना येणं हा कायद्याचा भंग आहे आणि सरहद्द सांभाळणं हा राज्याचा अधिकार. बनावट दाखला काढणाऱ्यावर आणि पैसे घेऊन तो देणाऱ्यावर खटला भरायलाच हवा. मात्र उशिराचा दाखला आणि खोटा दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा, महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७०पासून लागू झाला. त्याआधीची खेड्यातली नोंद कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४मध्ये असायची. त्यात पुष्कळदा बाळाचं नावच नसे, बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी एवढंच. घरी दाईच्या हातून झालेली बाळंतपणं तर अनेकदा नोंदवलीच गेली नाहीत. दरम्यान नागरिकत्वाचा कायदा कडक होत गेला. १ जुलै १९८७पूर्वी भारतात जन्मलेल्याला जन्मानेच नागरिकत्व मिळे. त्या तारखेनंतर आईबापांपैकी एक जण भारतीय असणं आवश्यक ठरलं. डिसेंबर २००४पासून दोघांपैकी कुणीही बेकायदा स्थलांतरित नसावा, ही अट आली. २०१९च्या दुरुस्तीने शेजारच्या तीन देशांतून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना सवलत दिली आणि त्यात मुसलमानांना वगळलं. परदेशी नसल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी १९४६च्या कायद्याने आधीच त्या व्यक्तीवर टाकली होती. अशा वेळी साठीतली बाई आपल्या जन्माचा कागद काढायला तहसील कचेरीत रांगेत उभी राहते, ती देशद्रोह करत नसते. ती कायद्याने मागितलेला पुरावा गोळा करत असते.

म्हणून ‘बेकायदा आलेल्यांना परत पाठवा’ म्हणणाऱ्या मुसलमानांनीही थोडं थांबावं. संशय वस्तीवर, भाषेवर आणि नावावर आला, की चाळणी बांगलादेशी आणि धुळ्याचा अन्सारी यांच्यात फरक करत नाही. मजुराची कणव असणाऱ्यांनीही कायद्याला नुसता विरोध करून भागणार नाही. चौकशी एकेका माणसाची व्हावी, त्याला म्हणणं मांडायची संधी आणि वकील मिळावा, दाखला रद्द करण्यापूर्वी नोटीस यावी. सगळ्या धर्मांच्या माणसांना कसोटी एकच असावी, ही मागणी दोन्ही मतांच्या लोकांना एकत्र करता येईल. जो खान्देश बोलावून वसवला गेला, त्याने आपल्या माणसांसाठी एवढं मागणं फार नाही.