गृहिणींनीं काढलेला नकाशा

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं बखरी, ताम्रपट व शिलालेख डोळ्यांपुढें उभे राहतात. आज मी ज्या साधनाविषयीं बोलणार आहें, तें अमेरिकेंतील कांहीं गृहिणींनीं तयार केलें.

न्यूयॉर्क राज्यांत नायगरा फॉल्स नांवाचें शहर आहे. लव्ह नांवाच्या गृहस्थानें तेथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक कालवा खणावयास घेतला व तो अर्धवटच राहिला. त्यावरून त्या भागास लव्ह कॅनॉल हें नांव पडलें. पुढें १९४२ ते १९५३ या काळांत हूकर केमिकल कंपनीनें त्या खड्ड्यांत सुमारें २१,००० टन रासायनिक कचरा पुरला, वर माती लोटली आणि ती जागा १ डॉलरला तेथील स्कूलबोर्डास देऊन टाकली. विक्रीपत्रांत कचऱ्याचा उल्लेख असतांही बोर्डानें तेथें शाळा उभारली! मी जन्मभर मास्तरकी केली. हें वाचतांना मान खालीं गेली.

लोइस गिब्स यांचा मुलगा त्या शाळेंत जाऊं लागला आणि त्याला फेफऱ्याचे झटके येऊं लागले. शाळा बदलून मिळेना, तेव्हां १९७८ सालीं बाई अर्ज घेऊन दारोदार फिरूं लागल्या. त्याच वर्षीं ऑगस्टांत सरकारनें कालव्यालगतचीं २३९ कुटुंबें हलविण्याचें ठरविलें, कुंपण घातलें आणि पलीकडे भय नाहीं असें सांगितलें.

पण आजार कुंपण जाणत नव्हते. गिब्सबाई व त्यांच्या शेजारणी घरोघर विचारपूस करीत: कोणाचा गर्भपात झाला, कोणाचें मूल व्यंग घेऊन जन्मलें. प्रत्येक उत्तराची नकाशावर खूण होई. सरकारी हिशेब असा, कीं विष कालव्यापासून सर्व दिशांना सारखें पसरेल, म्हणून दूरचीं घरें निर्धोक. खुणा मात्र पट्ट्यापट्ट्यांनीं जमल्या होत्या. हे पट्टे कसले? उत्तर वस्तींतील जुन्या माणसांनीं दिलें. घरें होण्यापूर्वीं तेथून ओहोळ वाहत. ते पुढें बुजविले गेले होते. विषारी पाणी त्याच जुन्या वाटांनीं झिरपत असावें. आपल्याकडेही कोणता ओढा कोठें बुजला हें गांवच्या म्हाताऱ्यास विचारावें. तलाठ्याच्या दप्तरांत तें सांपडेलच असें नाहीं.

कर्करोगाच्या संशोधक डॉ. बेव्हर्ली पेजेन यांनीं या माहितीची शास्त्रीय मांडणी केली. अधिकाऱ्यांनीं ती उडवून लावली: गृहिणींचीं टिपणें काय कामाचीं! हा आक्षेप अगदींच पोकळ होता असें मी म्हणणार नाहीं. घरें थोडीं होतीं, विचारणाऱ्या स्वतःच पीडित होत्या, आणि तोंडी सांगितलेला आजार म्हणजे डॉक्टरचा दाखला नव्हे. पण शंका असेल तर पुन्हा मोजावें; हसून काय होणार? अखेर सरकारला ओलसर जागेंतील घरांकडे पाहावें लागलें, आणि फेब्रुवारी १९७९ मध्यें कुंपणाबाहेरील गर्भवती स्त्रिया व दोन वर्षांच्या आंतील मुलें यांना तात्पुरतें हलविण्याचा हुकूम निघाला. तिसरें वर्ष लागलेल्या मुलास विष बाधत नाहीं, असें समजावयाचें काय?

१९८० सालीं राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीं उरलेलीं घरें विकत घेण्याच्या करारावर सही केली. त्याच डिसेंबरांत विषारी जागा साफ करण्यासाठीं सुपरफंड कायदा झाला.

कालव्याजवळच ग्रिफन मॅनर नांवाची सरकारी वसाहत होती. तेथें बहुतेक कृष्णवर्णीय भाडेकरू राहत. त्यांच्यापाशीं विकावयास घर नव्हतें. घरमालकांच्या संघांत त्यांचें गाऱ्हाणें मागें पडे, म्हणून त्यांनीं आपला निराळा संघ काढला. ही हकीकत सांगतांना हे भाडेकरू बहुधा वगळले जातात. या भाषणाच्या पहिल्या खर्ड्यांत माझ्याकडूनही ते राहून गेले होते.